नालीचं पाणी, रुक्मिणबाईच्या म्हशी

प्लँटच्या पहिल्या हौदात गावाचा गाळ बसतो आणि माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर गावाच्या गोष्टी बसतात. हौदातला गाळ मारोती पंधरा दिवसाला फावड्यानं काढून टाकतो. बाकड्यावरचा कोण काढणार? तो साचतच जातो. म्हणून म्हटलं, चार घमेली आपणच बाहेर टाकावीत.

मी भुसार-किराणावाला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. लोक मला अप्पा म्हणतात. गाव अहमदपूरहून नांदेडकडं जाताना लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की पाहुणा हातातला चहाचा कप खाली ठेवतो आणि विचारतो, "म्हणजे ते नालीच्या पाण्याचं गाव का?"

ते साल दुष्काळाचं. टँकर दोन दिवसांआड. विहिरीत वाकून बघितलं तर आपलं तोंडसुद्धा दिसायचं नाही. त्यातच नव्या जिल्ह्याची बोंब उठलेली. आमचा तालुका तोडून नव्या जिल्ह्याला जोडणार म्हणे. प्यायला पाणी नव्हतं, पण जिल्हा येणार होता!

अशात लातूरहून एक तरुण इंजिनिअर साहेब योजना घेऊन आले. घराघरातलं न्हाणीचं आणि भांड्याधुण्याचं सांडपाणी एका नालीतून गावाच्या खालच्या अंगाला न्यायचं. संडासाचं नाही हो, ते वेगळं. एका हौदात गाळ बसवायचा, दुसऱ्यात खडी-वाळूतून गाळायचं, तिसऱ्यात कर्दळ लावलेली, तिच्या मुळांतून काढायचं आणि शेवटी नळातून स्वच्छ पाणी शेताला सोडायचं. यालाच गाव म्हणतं प्लँट.

गावाला त्याची काही घाई नव्हती. घाई एकटीला होती, रुक्मिणबाईला. नवरा वारलेला, पदरी दोन म्हशी. बाकी सगळ्यांची जनावरं विकली गेली होती, नाहीतर छावणीला गेली होती. गावात म्हणून ज्या म्हशी उरल्या त्या ह्या दोन. ती रोज दुकानात पेंड न्यायला यायची आणि एकच विचारायची, "अप्पा, प्लँटचं पानी कवा सुटतंय? प्लँटच्या खाली माझं दोन गुंठं हाय. गवत लावते. चारा झाला तर म्हशी ऱ्हातेत, न्हाईतर हाळीच्या गुरांच्या बाजारला न्याव्या लागतेत."

दुष्काळात बाजारातली म्हैस कोण घेतो आणि कशाला घेतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

*

नाली खणायची म्हणून इंजिनिअर साहेबांनी दोरी लावून गावातून फक्कीची पांढरी रेघ मारली. सरळसोट. वेशीपासून खालच्या माळापर्यंत.

बाकड्यावर आमचे गुरुजी बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी रेघेकडं बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ही नाली नाही. ही हद्द आहे."

"कशाची हद्द?"

"नव्या जिल्ह्याची! रेघेच्या उगवतीकडचे नव्या जिल्ह्यात, मावळतीकडचे लातुरात."

मी म्हटलं, "गुरुजी, साहेब तर नाली म्हणून सांगून राहिलेत."

"अप्पा, हद्द आखणारा कधी हद्द म्हणून सांगतो का?"

झालं! ज्यांची पोरं लातूरला क्लासला होती त्यांना लातूर सोडायचं नव्हतं. आमचे सरपंच बापूराव पाटील, त्यांना नव्या जिल्ह्यात जायचं होतं, कारण नवा जिल्हा म्हणजे नव्या खुर्च्या. साहेब जेवायला गेले आणि जेवून तसेच लातूरला निघून गेले. इकडं दुपारभरात रेघ चालायला लागली. कुणी पायानं पुसली, कुणी चुना आणून पलीकडून ओढली. संध्याकाळी रेघ बापूरावांच्या वाड्याला मागून वळसा घालून गेली होती आणि तीन घरं सोडून परत वळली होती.

दुसऱ्या दिवशी मजूर आले. त्यांना काय, रेघ दिसली की खणायचं! साहेब दोन दिवसांनी आले तेव्हा नाली अर्ध्याच्या वर झालेली. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग हळूच विचारलं, "पाटील, पाणी वळतं का हो असं?"

बापूराव म्हणाले, "साहेब, आमच्या गावात समदं वळतं."

नवा जिल्हा काही झाला नाही. नालीचे दोन कोपर तेवढे राहिले. आजही पाणी तिथंच तुंबतं.

*

प्लँट सुरू झाला. शेवटच्या नळातून पाणी आलं ते नितळ. आता नितळ पाणी बघून माणसाला आनंद व्हावा की नाही? आमच्या गावाला शंका आली.

"टँकर मागून ओतून राहिलेत," गुरुजी म्हणाले. "फोटो काढेपर्यंत."

मारोती हा प्लँटचा माणूस. पन्नाशीचा, साधा. तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "आईच्यान गुरुजी, आपलंच पानी हाय." पण आईची शपथ घेणाऱ्यावर तर गुरुजींचा आधीच विश्वास नव्हता.

एके दिवशी सकाळी मारोती धापा टाकत दुकानात आला. "अप्पा, चला लवकर! हौदात रंगपंचमी झालीय!"

जाऊन बघतो तर पहिला हौद एका कडेनं निळा, एका कडेनं गुलाबी आणि मध्ये पिवळा.

निळा रंग गुरुजींचा. धोतराला लावायची नीळ त्यांनी न्हाणीत ओतली होती. आपलंच पाणी खाली येतं का ते बघायला. गुलाबी बापूरावांचा. मागच्या निवडणुकीचा गुलाल उरला होता. पिवळा... आता तुमच्यापासून काय लपवायचं, पिवळा माझा. दुकानात कीड लागलेली हळद पडून होती. म्हटलं, तेवढीच कामाला येईल. तिघांनी एकाच सकाळी, एकमेकांना न सांगता!

सगळं गाव शेवटच्या नळापाशी गोळा झालं. नीळ आणि गुलाल हौदाच्या तळाला बसला, उरलंसुरलं वाळूनं अडवलं. नळातून आलं ते पुन्हा नितळच. साहेब असते तर नाचले असते.

गुरुजींनी काचेच्या गिलासात पाणी धरलं. उन्हाकडं करून बघितलं. आणि गावाकडं वळून म्हणाले, "बघा! निळं नाही, गुलाबी नाही, पिवळं नाही. म्हणजे आपलं पाणी इथं येतच नाही!"

बापूराव घाबरले. "मग आपलं जातंय कुठं?"

तीन दिवस गाव आपलं सांडपाणी कुणी चोरलं ते शोधत होतं. चौथ्या दिवशी शेजारच्या गावात जाब विचारायला पाच माणसं गेली. तिथल्या लोकांनी त्यांना आधी पाणी पाजलं, मग विचारलं, "काय चोरलं म्हणता?"

पाचही जण तसेच परत आले.

*

प्रत्येक घरापुढं नालीला एक जाळी बसवलेली. खरकटं, केस, चिंध्या तिथंच अडायच्या. जाळी साफ करायचं काम मारोतीचं. महिन्याभरात त्याला गाव असं कळलं की आम्हाला चाळीस वर्षांत कळलं नाही. कोणाकडं पाहुणा आला, कोणाची सून माहेरी गेली, कोण टँकरच्या पाण्यानं दोनदा आंघोळ करतं, सगळं जाळीत.

एक दिवस तो माझ्या कानाला लागला. "अप्पा, रागाला येऊ नका. तुमच्या जाळीत अंड्याची टरफलं निघून राहिलीत."

आमचं घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. मी घरी येऊन बायकोसमोर बसलो. पोरांवर संशय होता म्हणून सगळ्या पोरांना बोलावलं. मोठ्यानं समज दिली. पोरं खाली मान घालून उभी. बायको शांतपणे भाकरी थापत होती. म्हणाली, "बोलणं झालं असंल तर जेवा."

आठ दिवसांनी मारोतीला विचारलं, "काय रे, थांबलं का?"

"हाव अप्पा! तुमच्या जाळीत आता एक टरफल न्हाई." मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "शेजारी गुरुजींच्या जाळीत डबल निघून राहिलीत."

*

आता रुक्मिणबाईच्या गवताकडं येतो. प्लँटचं पाणी मिळतं म्हणल्यावर कुणीच घेईना. "साबणाचं पाणी, पीक जळतं." इंजिनिअर साहेबांनी लातूरहून तपासणीचा कागद आणला. शेतीला योग्य, असं त्याच्यावर लिहिलेलं. गुरुजींनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. "कागदावर काय हो, कागदावर सगळंच उगवतं."

रुक्मिणबाई म्हणत होती, "मला द्या, माझं जळू द्या." पण तिच्या दोन गुंठ्यांशेजारी बाकीच्यांची रानं. पाणी तिथं उतरेल, जमीन खराब होईल, म्हणून बापूराव वॉल्व्ह उघडू देईनात. तिकडं म्हशींच्या बरगड्या मोजता यायला लागल्या.

मी म्हटलं, हे कागदाचं काम नाही. आपल्या भागात पाणी कसं पारखतात? तुरीच्या डाळीनं! ज्या पाण्यात डाळ शिजते ते चांगलं पाणी. बोअरच्या जड पाण्यात डाळ दोन दोन तास खुळखुळते. सोयरीक ठरवतानासुद्धा आमच्याकडं बाया आधी विचारतात, "तुमच्या गावच्या पाण्यात डाळ शिजते का?" मग पोरगा काय करतो ते.

चावडीपुढं तीन चुली मांडल्या. एका पातेल्यात टँकरचं पाणी, एकात बोअरचं, एकात प्लँटचं. तिन्हींत सारखी डाळ. खायची कुणीच नाही, फक्त बघायची, हे आधीच ठरलेलं. बाया गोल करून बसल्या. अर्धा तास झाला, रुक्मिणबाईनं तिसऱ्या पातेल्यातून पळीभर डाळ काढली आणि बोटानं दाबली. मेण!

बोअरची खडखडत होती. टँकरची अर्धीकच्ची.

मग गुरुजी उठले. "डाळ कुणाच्या दुकानची?"

"माझ्या."

"मग बरोबर आहे. त्या पातेल्यात अप्पानं भारीतली टाकली."

मी चाळीस वर्षं डाळ विकतोय. माझ्या डाळीवर पहिल्यांदा कुणी चांगली असल्याचा आरोप केला!

गुरुजींनी घरून आपली डाळ आणली. पुन्हा तीन चुली. पुन्हा तिसऱ्याच पातेल्यातली आधी शिजली. तेव्हा कुठं बापूरावांनी मान हलवली आणि रुक्मिणबाईच्या रानाचा वॉल्व्ह उघडला.

साहेब आल्यावर हे ऐकून पोट धरून हसले. म्हणाले, "अप्पा, कपड्याच्या पावडरीत सोडा असतो. सोडा असला की डाळ शिजणारच!"

मी त्यांना दुकानात आत ओढलं आणि म्हटलं, "साहेब, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही."

*

त्याचा उलटा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी प्लँटच्या नळाला बायांची रांग! प्रत्येकीच्या काखेत घागर.

मारोती हात जोडून उभा. "माय, हे प्यायचं न्हाई!"

"पीत कोण हाय? डाळीपुरतं दे!"

साहेब लातूरहून मोटारसायकलवर धावत आले. नळाला कुलूप लावलं आणि वर लाल पाटी ठोकली, कवटीचं चित्र काढून. "पिण्यास व स्वयंपाकास अयोग्य."

गुरुजींनी पाटी वाचली. बाकड्यावर येऊन बसले. म्हणाले, "बघितलंत? पाणी चांगलं निघालं, की लगेच पाटी लावली!"

*

मधे जिल्ह्याहून एक मोठे अधिकारी प्लँट बघायला आले. त्यांनी हौद बघितले, कर्दळ बघितली, फार वाखाणणी केली. आमच्या गावाबद्दल वर काय काय ऐकून आले होते कोण जाणे. बापूरावांनी खास अहमदपूरहून मागवलेली सीलबंद पाण्याची बाटली पुढं केली.

त्या अधिकाऱ्यांनी बाटली हातात घेतली. उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली. बूच फिरवून बघितलं, तारीख वाचली. मग बापूरावांना विचारलं,

"सील ठीक आहे. पण बाटली आणायला गेलं कोण होतं?"

*

रुक्मिणबाईचं गवत मात्र असं आलं की बघत राहावं. सगळा माळ भाजलेला आणि मध्ये दोन गुंठे हिरवं. म्हशींच्या अंगावर चकाकी आली. दूध वाढलं. ती बाई दुकानात येऊन पहिल्यांदा हसली. "अप्पा, माझ्या काशी म्हशीनं आज चरवी भरली की हो!"

मी म्हटलं, चला, म्हशी वाचल्या.

गावात असं म्हणायची घाई करू नये. दोन दिवसांत बाकड्यावर बोलणं सुरू झालं. नालीच्या पाण्यावर गवत, गवतावर म्हैस, म्हशीवर दूध. म्हणजे आपण आपल्याच न्हाणीतलं पाणी पितोय! गुरुजींनी बोटावर मोजून दाखवलं. जाऊ दे, गणितातला माणूस.

रुक्मिणबाईचं सगळं दूध खाजाभाईच्या हॉटेलात जायचं. एसटी थांब्याजवळ चार बाकडी आणि एक भट्टी, एवढं ते हॉटेल. गिऱ्हाईक चहा हातात घेतला की विचारायला लागलं, "खाजाभाई, दूध कशाचं?"

"भैंस का!"

"कोणत्या म्हशीचं?"

"अरे भाई, चाय पीना है के रिश्ता करना है?"

पण धंदा बसला. तेव्हा खाजाभाईनं नाइलाजानं अहमदपूरहून पाकिटाचं दूध आणायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला खात्री पटावी म्हणून कापलेली पाकिटं भट्टीवर दोरीला क्लिपा लावून टांगली.

रुक्मिणबाईची चरवी भरलेली परत जायला लागली. दूध विकलं नाही तर पेंड कशातून आणणार? निसत्या गवतावर म्हैस किती दिवस दूध देणार? ती दुकानात आली. पेंड न मागता उंबऱ्यावर बसली. "अप्पा, चारा न्हवता तवा म्हशी बाजारला चालल्या हुत्या. आता चारा हाय, तरी बाजारलाच का?"

मी तराजू पुसायला लागलो. दुकानात गुरुजी होते, बापूराव होते, आणखी दोघं-चौघं होते. दुकानदाराला सगळी गिऱ्हाइकं सारखी. खरं सांगायचं तर भ्यालो.

*

दहा-बारा दिवस गेले. हॉटेलात गर्दी वाढली. पाकिटाच्या दुधाची वाहवा चालली.

बापूराव मिशीवरची साय पुसत म्हणाले, "सुरुवातीला पातळ यायचं. आता कंपनी सुधारली."

"हाव ना," खाजाभाई म्हणाला. "मैं खत लिखा था कंपनी को."

गुरुजींनी मात्र कप तोंडाला लावला नव्हता. ते दोरीकडं बघत होते. उठले, भट्टीजवळ गेले, एक पाकीट उलटं केलं. दुसरं केलं. तिसरं केलं.

"खाजाभाई, आज तारीख काय?"

खाजाभाईनं भट्टीत उगीच फुंकर मारली.

"ही तर दहा दिवसांपूर्वीची पाकिटं आहेत. तीच टांगून राहिलास! मग या चहात दूध कुणाचं?"

खाजाभाईनं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "गुरुजी, दस दिन से आप ही बोल रहे थे ना, चाय अच्छी है? मेरे से झूठ हो गया. भैंस से नहीं हुआ."

*

त्याच दुपारी हॉटेलापुढं बैठक बसली. इंजिनिअर साहेब नेमके गावात होते, त्यांनाही बसवलं. बाया लांब लिंबाखाली. रुक्मिणबाईला बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी हाळीचा बाजार होता.

साहेबांनी सांगून बघितलं. "गवत शुद्ध केलेल्या पाण्यावर उगवलंय, दूध तपासून आणलंय, कागद आहे माझ्याजवळ."

"कागद ठेवा," गुरुजी म्हणाले. "हा गावाच्या आरोग्याचा प्रश्न आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

बापूराव खाकरले. "रुक्मिणबाई, तुमच्यावर आमचा राग न्हाई. पन आजपास्नं खाजाभाई तुमचं दूध घेनार न्हाई. अन् गावात बी एक थेंब कुनी घेनार न्हाई."

रुक्मिणबाईनं पदर सारखा केला. "गावात कुनीच घेत न्हाई म्हनता, पाटील?"

"कुनीच न्हाई."

"कुनीच?"

"सांगितलं की बाई! विचारा कुनाला बी."

तिनं कुणालाच विचारलं नाही. सगळ्यांच्या तोंडावरून एकदा नजर फिरवली. "बरं. मग उद्या टेम्पो सांगते. म्हशी हाळीला नेते," म्हणाली आणि घराकडं गेली.

लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ती परत आली. डोक्यावर मोठी टोपली, टोपलीवर फडकं. टोपली बरोबर मध्ये उतरवली.

"बाजारला जायच्या आधी लोकाची भांडी लोकाला दिलेली बरी. कुनाचं कुनाकडं ऱ्हायला नगं."

फडकं काढलं. आत स्टीलच्या किटल्या. बारक्या, मोठ्या, घासून लखलखीत.

आता आमच्याकडं कसं आहे, स्टीलचं भांडं घेतलं की दुकानातच त्याच्यावर नाव घालून घेतात. वाटीपासून पिंपापर्यंत. भांडं हरवू नये म्हणून.

पहिली किटली तिनं साहेबांच्या हातात दिली. "साहेब, तुमीच वाचा बरं. मला कुटं वाचता येतंय?"

साहेबांनी वाचलं. "सौ. कमलबाई बापूराव पाटील."

बापूरावांचा हात मिशीवरच राहिला. "ते... आमच्याकडं नातू आलाय. नातवापुरतं. दुपारचं."

"मी कुटं काय म्हनले? हे घ्या."

दुसरी. "मन्मथअप्पा, किराणा व भुसार."

मी खांबाच्या मागं सरकलो. खांब बारीक होता. लिंबाखालून आमच्या बायकोचा आवाज आला, "तुमी काय बगता? म्याच लावलं होतं!"

तिसरी, चौथी, पाचवी. साहेब वाचत होते आणि एकेक जण उठून, कुणाकडं न बघता, आपली किटली घेऊन बसत होता. प्रत्येकाला वाटलं होतं परसदारानं घेणारे आपण एकटेच. आठ किटल्या झाल्या. खाजाभाई भट्टीवरून वाकून वाकून बघत होता.

टोपलीत शेवटची राहिली. सगळ्यांत मोठी, दोन लिटरची. साहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि वाचलं, "आदरणीय गुरुजींना सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट. इयत्ता सातवीचे विद्यार्थी."

सातवीचे ते विद्यार्थी तिथंच बसले होते. निम्म्यांच्या मांडीवर आपापल्या किटल्या होत्या.

गुरुजी जागचे उठले. सावकाश पुढं आले. साहेबांच्या हातून किटली घेतली. चष्मा पुसला. किटली उन्हात धरली, फिरवली, तळ बघितला, टोपण काढून आत बघितलं. मग टोपण उलटंसुलटं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, हे टोपण आमचं नाही! आमच्या टोपणाला कडी होती."

"कडीचं टोपन घरी हाय, गुरुजी," रुक्मिणबाई म्हणाली. "सकाळच्या दुधाच्या तांब्यावर झाकलंय. आता कसं करू सांगा. म्हशी टेम्पोत घालू, का टोपन आनू?"

गुरुजींनी हातातल्या टोपणाकडं बघितलं. बैठकीकडं बघितलं.

"टोपण आणा," ते म्हणाले. "दुधासकट."